क्षयरोगाच्या तपासणीचा 'अनिर्णित' अहवाल वाचायचा कसा?

रानजाई

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षांपासून आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि रोज 15 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन घेऊनही सांध्यांची सूज आटोक्यात येत नसल्यामुळे तिच्या डॉक्टरांनी आता बायोलॉजिक प्रकारचे इंजेक्शन सुरू करायचे ठरवले आहे. या औषधाने शरीरात सुप्त असलेला क्षयरोग उफाळून येऊ शकतो, म्हणून त्याआधी रक्ताची इग्रा तपासणी करायला सांगितली होती. कालच तिचा अहवाल आला आणि त्यावर 'इनडिटर्मिनेट' असा शेरा आहे.

त्यात छापलेले आकडे असे आहेत: निल 0.04, टीबी-1 वजा निल 0.01, टीबी-2 वजा निल 0.02, आणि मायटोजेन वजा निल 0.31. डॉक्टरांची भेट आठ दिवसांनी आहे. बहिणीने या शेऱ्याचा अर्थ 'थोडासा क्षय आहे' असा लावून घेतला आहे आणि कालपासून ती मुलांना जवळ घेत नाही. तिला खोकला नाही, ताप नाही, वजनही घटलेले नाही. या चार आकड्यांचा नेमका अर्थ कोणी समजावून सांगेल का? डॉक्टरांना डावलून निर्णय घेण्याचा विचार मुळीच नाही. त्यांना काय विचारायचे एवढे जरी कळले, तरी पुरेसे आहे.

काचपट्टी

मी बरीच वर्षे प्रयोगशाळेत काम करते. ही तपासणी आमच्याकडे रोज होते, त्यामुळे आकड्यांबद्दल खात्रीने लिहू शकते.

सर्वांत आधी आपल्या बहिणीला एवढेच सांगा की 'इनडिटर्मिनेट' म्हणजे 'थोडासा क्षय' नव्हे. होकार आणि नकार यांच्या मधोमधचे हे उत्तर नाही, कारण मुळात हे उत्तरच नाही. यावेळी तपासणी घेता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या तपासणीसाठी चार नळ्यांमध्ये साधारण एकेक मिलिलिटर रक्त घेतात. निल नळीत काहीच घातलेले नसते, त्यामुळे रक्तातल्या पेशी आपण होऊन किती इंटरफेरॉन-गॅमा (जंतूशी लढताना पेशी सोडतात ते एक प्रथिन) सोडत आहेत हे तिच्यावरून कळते. टीबी-1 आणि टीबी-2 या नळ्यांमध्ये क्षयाच्या जंतूमधल्या ईएसएटी-6 आणि सीएफपी-10 या प्रथिनांचे तुकडे असतात. ज्या शरीराची या जंतूशी पूर्वी गाठ पडली आहे, त्यातल्या पेशी हे तुकडे ओळखतात आणि इंटरफेरॉन सोडतात. चौथ्या, म्हणजे मायटोजेनच्या नळीत असा पदार्थ असतो की क्षयाचा संसर्ग असो वा नसो, धडधाकट पेशींनी त्याला जोरदार प्रतिसाद द्यायलाच हवा. रिकाम्या तागडीचा काटा हलतो की नाही हे वजन करण्याआधी पाहावे, तसे या नळीचे काम आहे. काटाच अडकलेला असेल तर 'वजन शून्य' या वाचनाला काही अर्थ उरत नाही.

मायटोजेन वजा निल हा आकडा किमान 0.5 असावा लागतो. आपल्या बहिणीचा तो 0.31 आहे. टीबीच्या नळ्यांचे आकडे जवळजवळ शून्य आहेत, पण संसर्ग नसल्यामुळे ते शून्य आहेत की पेशीच त्या वेळी प्रतिसाद देण्याच्या स्थितीत नव्हत्या, हे यावरून ठरवता येत नाही. म्हणून यंत्र 'निगेटिव्ह' लिहीत नाही. टीबीच्या एखाद्या नळीत आकडा 0.35 किंवा त्याहून जास्त आणि निलच्या किमान पाव हिश्शाएवढा आला असता, तर मायटोजेन कमी असूनही अहवाल 'पॉझिटिव्ह' म्हणून दिला गेला असता.

'इनडिटर्मिनेट' येण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे निलचाच आकडा 8.0 च्या वर जाणे. तेव्हा काहीच न घालता पेशी इतक्या खवळलेल्या असतात की त्या गोंधळात क्षयाच्या प्रथिनांना दिलेला प्रतिसाद वेगळा काढता येत नाही. आपल्या अहवालात तसे काही नाही.

रानजाई

काचपट्टीताई, मनापासून आभार. तुमचे उत्तर बहिणीला वाचून दाखवले. तिने लगेच विचारले की तिच्या पेशींनी प्रतिसाद का दिला नसेल? यात प्रयोगशाळेची काही चूक असू शकते का?

काचपट्टी

असू शकते, आणि आमच्या बाजूचे असूनही ते सांगणे मला आवश्यक वाटते. रक्त काढल्यावर प्रत्येक नळी सुमारे दहा वेळा वरखाली हलवावी लागते, कारण ती प्रथिने नळीच्या आतल्या भिंतीवर वाळलेली असतात आणि रक्त सगळीकडे लागल्याशिवाय त्यात मिसळत नाहीत. नळी हलवलीच नाही तर प्रतिसाद खोटा कमी येतो, आणि फार जोरात हलवली तरीही आकडे बिघडतात. त्यानंतर ठरलेल्या वेळेत, साधारणपणे 16 तासांच्या आत, नळ्या 37 अंश सेल्सियसच्या ऊबयंत्रात जाऊन तिथे 16 ते 24 तास राहाव्या लागतात. रक्त एका ठिकाणी काढले, तिथून दुसरीकडे पाठवले आणि वाटेत ते रेंगाळले, तर पेशी थकतात. म्हणून दुसऱ्यांदा तपासणी करताना, शक्य असेल तर जिथे ऊबयंत्र आहे तिथेच जाऊन रक्त द्यावे, असे मी प्रत्येकाला सुचवते. या एका गोष्टीने फरक पडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

मात्र आपल्या बहिणीच्या बाबतीत औषधांकडे बोट जाते. रोजचे 15 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन हा पेशींचा प्रतिसाद दबण्याइतका डोस आहे. त्याविषयी डॉक्टर मंडळींनी लिहिलेले बरे.

उच्छ्वास

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. रुग्ण समोर नसताना निदान करणे योग्य नाही, त्यामुळे मी लिहितो आहे ते फक्त विचार कसा करावा याबद्दल.

काचपट्टी यांचे म्हणणे बरोबर आहे. स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधे, रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी होणे, एचआयव्हीचा वाढलेला आजार, नुकतेच झालेले मोठे आजारपण, अगदी लहान किंवा फार उतारवय अशा स्थितींत मायटोजेनचा प्रतिसाद कमी येतो. दुर्दैवाने ज्यांच्यात सुप्त क्षय जागा होण्याचा धोका अधिक असतो, तीच ही माणसे आहेत. म्हणजे ज्या रुग्णाच्या बाबतीत उत्तर मिळणे सर्वांत गरजेचे असते, नेमकी तिथेच तपासणी मुकी होते. या कारणाने अशा अहवालाला 'निगेटिव्हच समजू या' म्हणून पुढे जाणे मला धोक्याचे वाटते. त्याचबरोबर घाबरून तो 'पॉझिटिव्ह' समजणेही तितकेच निराधार आहे.

सर्वसाधारण रीत अशी की ताज्या रक्तावर तपासणी एकदा पुन्हा करावी. पुन्हा तेच आले तर दुसऱ्या पद्धतीकडे वळावे. टी-स्पॉट या प्रकारात रक्तातल्या पेशी वेगळ्या करून, मोजून घेतात, त्यामुळे पेशींची संख्या कमी असलेल्या रुग्णांत ती कधीकधी उपयोगी पडते. त्वचेवरची मांटू चाचणीही करता येते, मात्र तिलाही स्टिरॉइडचा अडथळा होतोच. आणि मांटू करायची असेल तर रक्त त्याच दिवशी किंवा त्याआधी द्यावे, कारण मांटूमध्ये टोचलेल्या द्रव्यामुळे काही दिवसांनी इग्राचा आकडा वाढू शकतो.

पण या सगळ्याच्या आधी मी एक प्रश्न विचारला असता. आपल्या बहिणीचा कधी क्षयाच्या रुग्णाशी निकटचा, एका छपराखालचा सहवास आला होता का? लहानपणी घरात, वसतिगृहात, कामाच्या ठिकाणी? हे अगदी शांतपणे, वेळ घेऊन आठवायला सांगा. जुना एक्स-रे असेल तर तोही शोधा. अशा प्रसंगी या दोन गोष्टींना पुष्कळदा रक्ताच्या अहवालापेक्षा अधिक वजन असते.

आणि मुलांना दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही. सुप्त संसर्ग असलाच, तरी त्या अवस्थेत माणूस इतरांना संसर्ग देत नाही. जंतू हवेत येतात ते फुप्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा क्षय सक्रिय असताना. बहिणीला आजच मुलांना जवळ घेऊ द्या.

कोरा कागद

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितो. आमची गोष्ट थोडी वेगळी आहे. माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा क्षय झाला होता आणि त्यांनी सहा महिन्यांचे औषध एकही दिवस न चुकवता पूर्ण केले. आता तीन आठवड्यांपासून खोकला आहे. थुंकीची जीनएक्सपर्ट अल्ट्रा तपासणी केली, तर 'एमटीबी डिटेक्टेड, ट्रेस' आणि त्यापुढे 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स इनडिटर्मिनेट' असे आले. हे दुसरे वाक्य वाचून घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. औषधाला दाद न देणारा क्षय झाला असावा, असाच आमचा समज झाला आहे. हाही वर सांगितल्यासारखाच अनिर्णित अहवाल म्हणायचा का?

उच्छ्वास

नाही, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. रानजाई यांच्या बहिणीची तपासणी काही सांगूच शकली नव्हती. आपल्या वडिलांच्या तपासणीने काहीतरी सांगितले आहे, पण अत्यंत क्षीण आवाजात.

अल्ट्रा तपासणी क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधते. त्यासाठी ती जंतूच्या जनुकसंचात अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारे दोन तुकडे आणि ज्यात एकच प्रत असते असे आरपीओबी नावाचे जनुक, अशा दोन्हींचा शोध घेते. तुकड्यांच्या प्रती अनेक असल्यामुळे नमुन्यात अगदी मोजके जंतू असले तरी ते सापडतात. त्याच नमुन्यात आरपीओबी मात्र सापडण्याइतके नसते. तुकडे सापडले आणि आरपीओबी सापडले नाही, की यंत्र 'ट्रेस' असे लिहिते. रिफाम्पिसिनला, म्हणजे क्षयावरच्या एका मुख्य औषधाला, जंतू दाद देतो की नाही हे ठरते ते याच आरपीओबी जनुकातल्या बदलांवरून. जे जनुक सापडलेच नाही, त्यात बदल आहे की नाही हे कसे सांगणार? म्हणून प्रत्येक 'ट्रेस' अहवालावर रिफाम्पिसिनपुढे 'इनडिटर्मिनेट' असेच छापलेले असते. प्रतिरोधाचा संशय आहे असा त्याचा अर्थ अजिबात नाही. घरात सगळ्यांना हे आज रात्रीच सांगा.

आता 'ट्रेस'बद्दल. लहान मुलांच्या नमुन्यात, एचआयव्हीबाधितांत, किंवा मणक्याभोवतालचे पाणी, गाठीतला द्रव अशा फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यांत 'ट्रेस' आले तर ते होकारार्थीच धरून उपचार सुरू करतात, कारण तिथे जंतू मुळातच थोडे असतात आणि वाट पाहणे महागात पडते. इतर प्रौढांमध्ये ताज्या थुंकीवर तपासणी पुन्हा करतात. पण आपल्या वडिलांना गेल्या पाच वर्षांत क्षय होऊन गेलेला आहे आणि तिथे एक जुनी अडचण येते. ही तपासणी डीएनए पाहते, आणि तो डीएनए जिवंत जंतूचा आहे की मेलेल्या, हे तिला ओळखता येत नाही. औषधांनी मेलेल्या जंतूंचे अवशेष फुप्फुसाच्या जुन्या व्रणात दीर्घकाळ राहू शकतात आणि खोकल्याबरोबर थोडेसे बाहेर पडले तरी 'ट्रेस' येऊ शकते. याच कारणामुळे उपचार कितपत लागू पडले हे पाहण्यासाठी ही तपासणी वापरत नाहीत.

जंतू जिवंत आहे की नाही याचा निवाडा कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, देते, कारण मेलेला जंतू वाढत नाही. द्रव माध्यमातले कल्चर निगेटिव्ह म्हणून जाहीर करायला 42 दिवस लागतात. हा काळ कठीण जातो, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर रोज पाहतो. त्या दरम्यान उपचार संपले तेव्हाचा एक्स-रे आणि आताचा एक्स-रे शेजारी ठेवून पाहणे फार उपयोगाचे ठरते. आणि एक कळकळीची विनंती अशी की या काळात खोकल्यासाठी लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा त्या गटातले दुसरे प्रतिजैविक परस्पर घेऊ नका. क्षयाच्या जंतूवर त्याचा अर्धवट परिणाम होतो, तात्पुरते बरे वाटते, कल्चर फसते आणि खरा आजार असेल तर तो आठवडेच्या आठवडे लपून राहतो.

काचपट्टी

जीनएक्सपर्ट यंत्राच्या शेऱ्यांबद्दल थोडी भर घालते, कारण 'इनव्हॅलिड', 'एरर' आणि 'नो रिझल्ट' हे तीन शेरे घेऊन लोक धावत येतात. 'इनव्हॅलिड' म्हणजे कार्ट्रिजमधली (नमुना घालून यंत्रात ठेवायच्या डबीतली) तपासणी नीट चालली का हे पाहण्याची अंगभूत सोय लागू पडली नाही, बहुधा नमुन्यातल्या एखाद्या घटकाने प्रक्रिया अडवली. 'एरर' म्हणजे यंत्रात किंवा कार्ट्रिजमध्ये बिघाड. 'नो रिझल्ट' म्हणजे तपासणी मध्येच तुटली, उदाहरणार्थ वीज गेल्यामुळे. यांतल्या कशातूनही रुग्णाच्या शरीराबद्दल काहीच कळत नाही. नमुना पुन्हा द्यायचा, बस.

आणि नमुना देताना एक काळजी घ्या. आमच्याकडे येणाऱ्या डब्यांपैकी कितीतरी डब्यांत नुसती लाळ असते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका हवा, तोही साधारण 3 ते 5 मिलिलिटर. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते निदान 5,000 ते 10,000 असावे लागतात. कल्चरला 10 ते 100 जिवंत जंतूही पुरतात. लाळेत यांतले काहीच मिळत नाही, आणि मग 'निगेटिव्ह' आलेल्या अहवालावर माणूस विनाकारण निर्धास्त होतो. अनिर्णित अहवालाची सगळे चिंता करतात, पण वाईट नमुन्यावरचा स्वच्छ 'निगेटिव्ह' मला त्याहून घातक वाटतो.

सोनचाफा

माझ्या जाऊबाईंना थुंकीत जंतू सापडलेला क्षय झाला आहे आणि आम्ही एकाच घरात राहतो. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याची मांटू केली, तर हातावर मोठा लाल चट्टा उठला, मी पट्टीने मोजला तो 20 मिलिमीटर भरला. दवाखान्यात मात्र 8 मिलिमीटर लिहून दिले आणि 'नक्की सांगता येत नाही, बीसीजीमुळेही असेल' असे म्हणाले. मी कोणावर विश्वास ठेवू?

उच्छ्वास

ताई, दवाखान्यातला आकडा खरा धरा. मांटूमध्ये लाली मोजत नाहीत. बोटांनी चाचपल्यावर जो कडक, उंचावलेला भाग लागतो तेवढाच आडवा मोजतात, आणि तोही 48 ते 72 तासांच्या दरम्यान. बीसीजीच्या लसीमुळे ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते हेही खरे आहे, कारण तिच्यात वापरलेले द्रव्य म्हणजे अनेक प्रथिनांचे मिश्रण आहे आणि त्यातली बरीच बीसीजीच्या जंतूतही असतात. इग्रातली दोन प्रथिने बीसीजीमध्ये नसतात.

पण तुमच्या मुलाच्या बाबतीत मला वाटते की प्रश्न त्या 8 मिलिमीटरवर अडकायला नको. घरात संसर्गजन्य क्षयाचा रुग्ण आहे आणि मूल पाच वर्षांच्या आतले आहे. या वयात संसर्गाचे आजारात रूपांतर झपाट्याने होते, आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय होण्याची भीतीही याच वयात अधिक असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार अशा मुलाला सक्रिय आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात, मग चाचणी काहीही सांगो, किंवा केलेलीही नसो. मुलाची तपासणी आणि एक्स-रे झाला नसेल तर तो या आठवड्यात करून घ्या. यात दिरंगाई नको.

सोनचाफा

उद्याच जाते. आभारी आहे.

तर्कशुद्ध

या गोंधळापेक्षा रक्तातल्या अँटीबॉडी तपासणारी साधी चाचणी का करू नये? एका दिवसात 'हो' किंवा 'नाही' असे स्पष्ट उत्तर मिळते.

उच्छ्वास

उत्तर स्पष्ट मिळते, पण ते विश्वासार्ह नसते. क्षयासाठीच्या अशा अँटीबॉडी चाचण्या सक्रिय क्षयाच्या निदानासाठी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्यांच्यात खोटे होकार आणि खोटे नकार, दोन्ही फार. ज्यांना आजार नाही त्यांना सहा महिने औषधे आणि ज्यांना आहे त्यांना दिलासा, असे त्यातून घडते. प्रामाणिक 'सांगता येत नाही' हे चुकीच्या 'हो'पेक्षा रुग्णाच्या हिताचे असते, असे माझे ठाम मत आहे.

तर्कशुद्ध

मान्य. मग आणखी एक शंका विचारतो. इग्राची रेषा 0.35 वर आहे. एखाद्याचा आकडा 0.33 आला तर 'निगेटिव्ह' आणि 0.37 आला तर 'पॉझिटिव्ह', हे मनाला पटत नाही.

उच्छ्वास

पटू नयेच. तोच माणूस, तेच रक्त, आणि दोनदा मोजले तरी आकड्यात एवढा फरक सहज पडतो. ज्यांची दरवर्षी तपासणी होते अशा आरोग्यसेवकांमध्ये रेषेच्या जरा वर गेलेला आकडा पुढच्या वेळी आपोआप खाली आलेला वारंवार दिसतो. टी-स्पॉटमध्ये इंटरफेरॉन सोडणारी प्रत्येक पेशी एका ठिपक्यासारखी दिसते, आणि काही ठिकाणी 5 ते 7 ठिपक्यांना सरळ 'बॉर्डरलाइन' म्हणतात. तिथे निदान मधला पट्टा आहे हे उघडपणे मान्य केलेले असते.

अशा आकड्याचा अर्थ कोणाचा आकडा आहे यावर ठरतो. फक्त हिशेबापुरते धरून चला की एक चाचणी संसर्ग झालेल्या शंभरांतले 85 जण ओळखते आणि संसर्ग नसलेल्या शंभरांतल्या दोघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. जिथे हजारांतल्या 20 जणांनाच संसर्ग आहे तिथे ती 17 जण बरोबर पकडेल, पण उरलेल्या 980 मधले जवळजवळ 20 जण चुकीने पकडेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक खोटे. तीच चाचणी क्षयाच्या रुग्णांच्या घरातल्या हजार माणसांवर केली आणि त्यांतल्या 400 जणांना संसर्ग असला, तर 340 खरे आणि 12 खोटे. चाचणी बदललेली नाही. माणसे बदलली, आणि त्याबरोबर त्याच शब्दाचा अर्थ बदलला. मी रानजाई यांना सहवासाचा प्रश्न विचारला तो यासाठीच.

रानजाई

त्याच प्रश्नाने आमच्याकडे एक जुनी गोष्ट वर आली. बहिणीला आधी काहीच आठवत नव्हते. दोन दिवसांनी तिने सांगितले की शिकत असताना वसतिगृहातल्या तिच्या खोलीतल्या मुलीला सतत खोकला असायचा आणि वर्षाच्या शेवटी फुप्फुसाचा क्षय झाल्याचे कळून ती घरी परतली होती. बहीण तिच्यासोबत आठ महिने एका खोलीत राहिली होती. तेव्हा कोणीही हिची तपासणी करायला सांगितले नाही, आणि पुढे लग्न, मुले, आमवात या सगळ्यात ती गोष्ट मनातून निघून गेली.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारले. आता छातीचा एक्स-रे काढायचा आहे. इग्रा पुन्हा करायची आहे, तीही यावेळी ऊबयंत्र असलेल्या प्रयोगशाळेतच जाऊन.

कोरा कागद

पाच आठवड्यांनी परत येतो आहे. वडिलांच्या दोन्ही नमुन्यांच्या कल्चरमध्ये अजून काहीही वाढलेले नाही, आठवडाभराने अंतिम अहवाल मिळेल. जुना एक्स-रे माळ्यावरच्या पेटीत सापडला. नव्याशी तो जुळतो, नवी सावली एकही नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र जुन्या क्षयामुळे श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या दिसल्या आणि खोकला त्यात साचणाऱ्या कफामुळे असावा, असे डॉक्टरांचे मत आहे. त्यासाठी छातीचे व्यायाम शिकवले आहेत. क्षय बरा झाल्यावरही फुप्फुसात असे काही मागे राहते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ते आधी कळले असते तर त्या 'ट्रेस' शब्दाने आमची अशी अवस्था झाली नसती.

काचपट्टी

अंतिम अहवाल येईपर्यंत फाइल मिटवू नका. आणि तो जुना एक्स-रे आता माळ्यावर ठेवू नका, हाताशी ठेवा. पुढे कधीही खोकला झाला तरी तो लागेल.

रानजाई

आमचाही अहवाल आला. निल 0.05, टीबी-1 वजा निल 0.22, टीबी-2 वजा निल 0.41, मायटोजेन वजा निल 1.12. म्हणजे यावेळी तागडीचा काटा हलला, आणि एका नळीने 0.35 ची रेषा ओलांडली. छापील शेरा 'पॉझिटिव्ह' आहे.

महिन्याभरापूर्वी हा अहवाल हाती आला असता तर आम्ही कोसळलो असतो. आता डॉक्टरांशी तासभर बोलून तो समजून घेता आला. ते म्हणाले की हाच 0.41 आकडा कोणताही सहवास नसलेल्या, निरोगी माणसाचा असता तर त्यांनी तो पुन्हा तपासायला सांगितला असता. पण स्टिरॉइडखाली दबलेल्या पेशींनी दिलेला, आठ महिन्यांच्या सहवासाचा इतिहास असलेल्या आणि बायोलॉजिक सुरू होणार असलेल्या व्यक्तीचा हा आकडा ते खराच धरणार. एक्स-रे स्वच्छ आहे, लक्षणे नाहीत, तेव्हा सक्रिय आजार नाही असे त्यांनी आधी पक्के केले. ते न पाहता एकच औषध सुरू केले आणि आत आजार सक्रिय असला, तर जंतू त्या औषधाला निर्ढावतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

प्रतिबंधक औषध म्हणून रिफाम्पिसिन गटाचा कमी मुदतीचा कोर्सही होता, पण त्याने प्रेडनिसोलोन शरीरातून लवकर निघून जाते आणि सांधे पुन्हा सुजले असते. म्हणून सहा महिने आयसोनियाझिड आणि सोबत जीवनसत्त्व बी-6 द्यायचे ठरले. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्हींचा भार यकृतावर येतो, त्यामुळे यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने करायच्या आहेत. बायोलॉजिक किमान एक महिन्याने सुरू होईल.

उच्छ्वास

विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. मळमळ, भूक मरणे, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हातापायांना मुंग्या आल्या तर तेही सांगा. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. ही इग्रा यापुढे पुन्हा करण्यात अर्थ नाही. औषध पूर्ण झाल्यावरही ती बहुधा पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे कोर्स लागू पडला की नाही हे तिच्यावरून कळत नाही. कोर्स पूर्ण केल्याचा कागद आणि आताचा एक्स-रे एकत्र ठेवा, पुढे कोणी विचारले तर तेच दाखवा.

रानजाई

एक्स-रे पाकिटात ठेवला आहे, कोर्स पूर्ण झाल्यावर तो कागदही त्यातच ठेवू, आणि पाकिटावर बहिणीने स्वतःच्या हाताने पहिल्या अनिर्णित अहवालाची तारीखही लिहिली आहे. आज गोळ्यांचा अकरावा दिवस आहे. गोळ्या सुरू झाल्यानंतरची यकृताची पहिली तपासणी पुढच्या सोमवारी आहे, ती झाली की इथे कळवते.